साठीच्या तोंडावर घरच्या घरी पॉवर-पॉप अल्बम करायचाय: एकट्याने किती करावं?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. वय ५८. कॉलेजात बँड होता, रंगभवनच्या दिवसांत मुंबईत वाजवलंत, पुढे नोकरी आणि संसार यांत गिटार मागे पडली. आता हाताशी वेळ आहे आणि वहीत गाणी साठली आहेत. एमिट ऱ्होड्स या अमेरिकन गायक-वादकाबद्दल तुमच्या वाचनात आलं, की त्याने १९७० मध्ये आई-वडिलांच्या घराच्या गॅरेजमध्ये चार ट्रॅकच्या, म्हणजे चार आवाज वेगवेगळे घेता येणाऱ्या टेप मशीनवर सगळी वाद्यं स्वतः वाजवून अल्बम केला आणि चार दशकं गप्प राहून २०१६ मध्ये तो परत आला. त्यावरून तुम्ही विचारताय की आज लॅपटॉपवर हवे तेवढे ट्रॅक मिळत असताना मला एकट्याला का जमू नये, आणि जमणार असेल तर काय विकत घ्यावं.

जमेल, आणि तुम्ही ते करावंच. पण काय विकत घ्यावं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. मी टेपच्या काळापासून ध्वनिमुद्रणाचं काम करतोय आणि बऱ्याच वर्षांनी संगीताकडे परतलेली माणसं माझ्याकडे नेहमी येतात. सामानामुळे अडलेला त्यांच्यात क्वचितच कुणी असतो. गाणं कधी पूर्ण झालं हे ठरवता येत नाही, तिथे ते अडतात. गिटार, बास, हार्मनी हे सगळं एकटा माणूस करू शकतो. 'बस, झालं, आता याला हात लावायचा नाही' हे मात्र स्वतःच्या गाण्याबद्दल एकट्याने म्हणणं फार अवघड असतं. ऱ्होड्सची गोष्ट मला त्यासाठीच महत्त्वाची वाटते. ती एकट्या माणसाची म्हणून सांगतात, पण दोन्ही वेळा काम तडीस नेताना त्याच्याबरोबर दुसरी माणसं होती.

हा प्रश्न वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. पॉवर-पॉप हा शब्द 'द हू'च्या पीट टाउनशेंडने १९६७ मध्ये वापरला. बीटल्सच्या चाली आणि हार्मनी, त्याखाली जोरकस गिटार आणि ड्रम, साधारण तीन मिनिटांचं गाणं, ऐकताक्षणी तोंडात बसणारं ध्रुवपद. बॅडफिंगर, रास्पबेरीज, बिग स्टार, चीप ट्रिक ही त्यातली मोठी नावं. ऐकायला सोपं वाटतं, पण या संगीतात लपायला जागा नसते. लांबलचक सोलो नाही, धुरकट वातावरण नाही. चाल, ठेका आणि गळा यांतलं काही कमी पडलं तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच कळतं.

आता ऱ्होड्सकडे येऊ. जन्म १९५०, वाढला कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नमध्ये. बीच बॉइजचे विल्सन बंधूही त्याच गावचे. तो आधी 'पॅलेस गार्ड' नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. मग 'मेरी-गो-राउंड'मध्ये गाऊ लागला, गिटार घेतली, गाणी लिहिली. १९६७ मध्ये त्यांचं 'लाइव्ह' हे गाणं गाजलं. बँड मोडल्यावर त्याने उपकरणं घेतली आणि घरीच काम सुरू केलं. त्यातून निघालेला 'एमिट ऱ्होड्स' हा अल्बम डनहिल कंपनीने १९७० मध्ये काढला आणि तो बिलबोर्डच्या यादीत २९ व्या क्रमांकापर्यंत चढला. एकट्याने बीटल्सचं काम करणारा माणूस अशी त्याची ख्याती झाली.

हा अल्बम हेडफोन लावून ऐका आणि फक्त ड्रमकडे लक्ष द्या. एकट्याने केलेल्या बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये ड्रम नंतर चिकटवल्यासारखे वाटतात, कारण ते गिटारवाल्याने वाजवलेले किंवा मशीनवर बसवलेले असतात. ऱ्होड्सच्या ड्रमला स्वतःची चाल आहे, कारण तो मुळात ड्रमर. खालचा थर पक्का असल्याने वरचे सगळे थर त्यावर नीट बसतात आणि ऐकणाऱ्याला चार माणसं खोलीत आहेत असं वाटतं. 'त्याने केलं तर मी का नाही' या तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. तुम्ही लिहिलंय की गिटार आणि बास चांगले येतात, ड्रम थोडेफार. मग तुमचा आणि त्याचा पाया सारखा नाही. त्यात वाईट काहीच नाही, पण त्याप्रमाणे योजना बदलावी लागेल. त्याकडे पुढे येतो.

दुसरी गोष्ट चार ट्रॅकची. अशा मशीनवर काम कसं चालायचं हे लॅपटॉपवर सुरुवात केलेल्यांना सहसा माहीत नसतं, म्हणून जरा खुलासा करतो. पहिल्या ट्रॅकवर ड्रम, दुसऱ्यावर बास, तिसऱ्यावर ऱ्हिदम गिटार. तीन भरले की त्यांचा आपसातला तोल कानाने ठरवायचा आणि तिन्ही मिळून चौथ्या ट्रॅकवर उतरवायचे. याला बाऊन्स म्हणतात. आता पहिले तीन पुसून त्यांवर नवीन काही घेता येतं. पण बासचा आवाज बाऊन्समध्ये जास्त राहिला असेल तर तो कायमचा जास्त, कारण मूळ ट्रॅक उरलेलाच नाही. शिवाय प्रत्येक बाऊन्सला टेपची सळसळ वाढते आणि वरची चमक थोडी कमी होते. म्हणून टँबोरिन किंवा झांज पुढच्या बाऊन्समध्ये मंदावणार हे धरून आधीच जरा उजळ घ्यायची. थोडक्यात, पूर्ण गाणं डोक्यात ऐकू आल्याशिवाय मशीन चालू करून उपयोग नसे. पॉल मॅकार्टनीने त्याच वर्षी आलेला त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम घरी स्टुडर कंपनीच्या चार ट्रॅकच्या मशीनवर सुरू केला, तोही मिक्सर न वापरता, माईक थेट मशीनला जोडून. पातळी दाखवणारे काटेसुद्धा नव्हते. कान आणि अंदाज एवढ्यावर काम चाललं.

आज हे बंधन नाही आणि परतलेल्या वादकांची गाडी नेमकी इथेच रुतते. तुमच्या लॅपटॉपमध्ये काही पुसावं लागत नाही. एका ध्रुवपदाचे वीस टेक, म्हणजे वीसदा गाऊन केलेली रेकॉर्डिंग, ठेवता येतात, गिटारचा आवाज सहा महिन्यांनी बदलता येतो. माझ्याकडे येणाऱ्या हार्ड डिस्क उघडल्या की एकेका गाण्यात ऐंशी-नव्वद ट्रॅक निघतात, आणि आणणाऱ्याला विचारलं की यातली खरी गिटार कोणती, तर तो गोंधळतो. त्यामुळे बंधन आपणच घालायचं. मी सुचवतो ते असं: एका गाण्याला जास्तीत जास्त १६ ट्रॅक. ॲम्पचा जो आवाज ठरेल तोच रेकॉर्ड करायचा, 'नंतर बघू' म्हणून ॲम्पशिवायची कोरी गिटार साठवायची नाही. आणि प्रत्येक बैठक संपताना त्या भागाचा एकच टेक ठेवून बाकीचे उडवायचे. हे उडवणं सुरुवातीला जिवावर येतं. पण पुढच्या वेळी फाइल उघडल्यावर समोर गाणं असतं, गाण्याच्या शक्यतांचा ढीग नसतो.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. वाजवलं सगळं ऱ्होड्सने एकट्याने, पण तो अल्बम मिक्स करताना, म्हणजे सगळ्या ट्रॅकचा तोल जमवून अंतिम गाणं तयार करताना, कीथ ओल्सन आणि कर्ट बेचर सोबत होते. यातल्या ओल्सनने पुढे १९७५ चा फ्लीटवूड मॅकचा अल्बम बँडसोबत निर्माण केला. म्हणजे विशीतल्या, कानांची धार शाबूत असलेल्या, सगळी वाद्यं येणाऱ्या माणसानेही शेवटच्या टप्प्यावर बाहेरचे कान घेतले होते.

त्यानंतर जे झालं तेही तुमच्या कामाचं आहे. त्याचा करार तीन वर्षांत सहा अल्बमचा होता, दर सहा महिन्यांनी एक. घरी बसून सगळं स्वतः वाजवणाऱ्याला हा वेग झेपणं शक्यच नव्हतं. दुसरा अल्बम 'मिरर' १९७१ मध्ये आला, तिसरा 'फेअरवेल टू पॅराडाइज' १९७३ मध्ये. दरम्यान कंपनीने त्याची रॉयल्टी रोखली आणि त्याच्यावर दावा लावला. चोविशीच्या आतच त्याने गायक म्हणून थांबायचं ठरवलं आणि पुढे दुसऱ्यांची रेकॉर्डिंग करणं हे त्याचं काम झालं. मला या माणसाबद्दल फार वाईट वाटतं. एकट्याने करायच्या कामाचा वेग दुसऱ्याने ठरवला की काय होतं ते यात दिसतं. तुमच्या बाबतीत धोका बरोबर उलटा आहे. तुमच्यामागे कुणाचा तगादाच नाही, त्यामुळे अल्बम दहा वर्षं 'चालू' राहू शकतो.

मधल्या काळात त्याचे परतण्याचे प्रयत्न झाले, तडीस गेले नाहीत. शेवटी क्रिस प्राइस हा त्याच्याहून बराच तरुण संगीतकार-निर्माता मागे लागला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत 'रेनबो एन्ड्स' आला, 'फेअरवेल टू पॅराडाइज'नंतर ४३ वर्षांनी. रेकॉर्डिंग हॉथॉर्नलाच, ऱ्होड्सच्या घरच्या स्टुडिओत. गाणी त्याची, गळा त्याचा, खोली त्याची. पण या वेळी वाद्यांवर इतरही होते. जेसन फॉकनर आणि रॉजर जोसेफ मॅनिंग ज्युनियर होते, जॉन ब्रायन होता, नेल्स क्लाइन होता, गायला एमी मान आणि सुझाना हॉफ्स होत्या. हॉफ्सच्या 'बँगल्स'ने १९८४ च्या आपल्या अल्बममध्ये ऱ्होड्सचं 'लाइव्ह' गायलं होतं. त्याचं संगीत ऐकत मोठी झालेली माणसं त्याच्या घरी येऊन वाजवून गेली. अल्बम ऐकताना दोन गोष्टी लगेच जाणवतात. आवाज विशीतला नाही आणि तो तसा दाखवायची धडपडही नाही. गाणीसुद्धा मोडलेल्या संसाराची, हातून गेलेल्या दिवसांची आहेत, कॉलेजच्या पोराची नाहीत. ऱ्होड्स २०२० च्या जुलैमध्ये गेला. पुनरागमनाचा हा एकच अल्बम मागे राहिला, आणि तो एकट्याने करायचा हट्ट धरला असता तर तोही झाला नसता असं माझं ठाम मत आहे.

याच्या शेजारी 'शूज' या बँडचं उदाहरण ठेवा, कारण ते तुम्हाला जास्त जवळचं वाटेल. इलिनॉयमधल्या झायन गावची ही मंडळी. १९७७ मध्ये दिवाणखान्यात टीॲकच्या चार ट्रॅकच्या मशीनवर त्यांनी 'ब्लॅक व्हिनाइल शूज' केला आणि स्वतःच छापून काढला. त्या जोरावर इलेक्ट्रासारख्या मोठ्या कंपनीचा करार मिळाला, तीन अल्बम झाले, करार संपला. १९९४ नंतर त्यांचा नवा अल्बम आला तो एकदम २०१२ मध्ये, 'इग्निशन', पुन्हा घरच्या स्टुडिओत केलेला. पण तिथे जॉन मर्फी, जेफ मर्फी आणि गॅरी क्लेबी हे तिघं गाणी लिहिणारे होते. एकाने आणलेलं गाणं दोघांच्या कानांखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसणार. तुमचे जुने बँडवाले संपर्कात असतील तर या वाटेचा जरूर विचार करा.

इथून पुढे जे सांगतो ते बरंचसं तुमच्या परिस्थितीवर ठरेल. स्वतंत्र घर आहे की सोसायटीतला फ्लॅट, ड्रमवर हात किती बसलाय, आवाज किती उरलाय, आणि महिन्याकाठी खरोखर किती संध्याकाळी मोकळ्या मिळतात. यातलं मला काही माहीत नाही, म्हणून माझी कारणं सांगतो. ती पटली तर घ्या.

ड्रमपासून सुरू करू. फ्लॅटमध्ये खरे ड्रम विसरा. इलेक्ट्रॉनिक किट लोकांना सुरक्षित वाटतं, पण त्याच्या बास पेडलचा धक्का जमिनीतून खालच्या मजल्यावर जातो आणि भांडण व्हायचं ते होतंच. माझा सल्ला असा की घरी प्रत्येक गाण्याचा कच्चा आराखडा करा, फक्त एक गिटार, आवाज आणि क्लिक, म्हणजे वेग धरून ठेवणारी मेट्रोनोमची टिकटिक. मग एखादी जॅमरूम दिवसभरासाठी भाड्याने घ्या, एक चांगला ड्रमर गाठा आणि त्याच्याकडून सगळ्या गाण्यांचे ड्रम एक-दोन बैठकांत करून घ्या. चार माईक पुरतात. ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्सच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत अशी की एक माईक पायाने वाजवायच्या बास ड्रमपुढे, एक स्नेअर या समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमजवळ, एक स्नेअरच्या वर साधारण मीटरभर अंतरावर आणि एक फ्लोअर टॉमच्या बाजूने झांजांच्या दिशेने रोखलेला. या शेवटच्या दोघांचं स्नेअरपासूनचं अंतर दोरीने मोजून अगदी सारखं ठेवायचं, नाहीतर स्नेअर पोकळ लागतो. पॉवर-पॉपला हा आवाज छान शोभतो, कारण किट एक वाद्य म्हणून ऐकू येतं.

क्लिक लावताना एक काळजी घ्या. चांगला बँड ध्रुवपदात शिरताना नकळत किंचित पुढे सरकतो, आणि अख्खं गाणं एकाच आकड्यावर बांधलं की तो उत्साह मरतो. मी अंतरा मिनिटाला १३२ ठोक्यांवर असेल तर ध्रुवपद १३४ वर ठेवतो. ऐकणाऱ्याला वेग वाढल्याचं कळत नाही, पण गाणं उघडल्यासारखं वाटतं. आणि ड्रमरने वाजवलेलं नंतर माउसने एकेक ठोका ओढून सरळ करू नका. एकाच माणसाने बास, दोन गिटार आणि सगळे आवाज घेतले की सगळ्यांचा श्वास सारखाच लागतो. या अल्बममध्ये दुसऱ्या माणसाचा श्वास फक्त ड्रममध्ये असणार आहे, तो जपा.

आता गळा. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण परतलेल्या गायकाचा अल्बम इथेच तरतो किंवा बुडतो. साठीतले एक गृहस्थ माझ्याकडे तरुणपणी लिहिलेलं गाणं घेऊन आले होते. गाणं ए मेजर पट्टीत, ध्रुवपद थेट वरच्या ए वर उभं. त्यांना तो सूर लागत होता, पण टिकत नव्हता. दुसऱ्या ओळीला घशाच्या शिरा दिसायला लागायच्या आणि शब्दांतला गोडवा निघून जायचा. पट्टी उतरवा म्हटल्यावर त्यांची तक्रार अगदी रास्त होती: ए मध्ये मोकळ्या तारांवर जी किणकिण मिळते ती जी मध्ये बोटं बदलल्यावर मिळत नाही, आणि गाण्याचा जीव त्या किणकिणीत आहे. मग आम्ही बारा तारांची गिटार पूर्ण एक सूर खाली लावली आणि त्यांनी बोटं तीच, ए ची, ठेवली. वाजलं जी मध्ये. बारा तारांच्या गिटारीवर ताण फार असतो म्हणून पुष्कळ जण ती तशीच खाली लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा, लावतात. आम्ही कॅपो काढून टाकला, इतकंच. किणकिण शाबूत राहिली आणि ध्रुवपद त्यांच्या गळ्यात आरामात बसलं. साध्या गिटारीवर हे करायचं तर तारा एक नंबर जाड घ्या, नाहीतर सैल पडून बेसूर होतात.

म्हणून कच्चा आराखडा करण्याआधी प्रत्येक गाणं मूळ पट्टीत, अर्धा सूर खाली आणि एक सूर खाली असं तीनदा गाऊन फोनवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ऐका. सूर लागतोय का हे बघू नका, शब्द कुठल्या पट्टीत खरे वाटतात ते बघा. ड्रम झाल्यावर पट्टी बदलता येईल, पण बास आणि गिटार झाल्यावर बदलणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं, मुख्य आवाज दोनदा गा. पॉवर-पॉपमध्ये ही रीत जुनी आहे. बीटल्सना दोनदा गायचा कंटाळा येई म्हणून लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतल्या केन टाउनसेंडने १९६६ मध्ये तसा परिणाम टेपवर यंत्राने साधायची युक्ती काढली, आणि आज तिची सॉफ्टवेअरं ढीगभर मिळतात. तरी तुमच्या वयाला खरं दुसऱ्यांदा गाणंच उपयोगी पडेल. दोन टेकमधला बारीक फरक आवाजातली थरथर आणि पातळपणा झाकतो. यंत्र तीच थरथर दुसऱ्यांदा ऐकवतं. दुसरा टेक हलक्या आवाजात गा आणि त्यात शब्दांच्या शेवटचे 'स', 'त', 'ट' जवळजवळ गिळून टाका, म्हणजे दोन आवाजांचे 'स' मागेपुढे फुटून खडखड होत नाही. मिक्समध्ये हा दुसरा आवाज पहिल्याच्या बराच खाली ठेवायचा. तो वेगळा कळता कामा नये, पण बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटलं पाहिजे.

गायच्या बैठका लहान ठेवा, पाऊण तासाच्या वर नको. गळा तापल्यावर गा, दमल्यावर थांबा. एक गाणं दोन-तीन दिवसांत तुकड्यांनी होणार असेल तर माईकची उंची मोजून ठेवा आणि उभं राहायची जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवा. वितीभर अंतर बदललं तरी आवाजाचा रंग बदलतो आणि जोड ऐकू येतो.

मग कान. वयानुसार वरच्या कंपनसंख्या हळूहळू ऐकू येईनाशा होतात, आणि ॲम्पसमोर तारुण्य घालवलेल्यांना लवकर. हे स्वतःला कळत नाही, कारण मेंदू जुळवून घेतो. परिणाम मिक्समध्ये दिसतो. तुम्हाला झांज मंद वाटते म्हणून तुम्ही ती वाढवता आणि पंचविशीतला श्रोता कानावर हात ठेवतो. ऑडिओलॉजिस्टकडून तपासणी करून घ्या. नेहमीची चाचणी ८,००० हर्ट्झपर्यंतच असते, पण तेवढ्यानेही दोन्ही कानांत फरक आहे का आणि उतार कुठे सुरू होतो ते कळतं. आलेख हाती असला की आपण कुठल्या पट्ट्यात स्वतःवर विश्वास ठेवायचा नाही हे ठरवता येतं. काम हळू आवाजात करा आणि तुमच्या आवडीचा एखादा नीट मिक्स झालेला अल्बम शेजारी ठेवून दर थोड्या वेळाने ताडून बघा.

यामुळेच मी म्हणतो की मिक्स दुसऱ्याकडे द्या. हा दुसरा माणूस कोण असावा? घरातलं नको, त्यांना तुमचा आनंद हवा असतो. जुना बँडवाला या एका कामाला मला योग्य वाटत नाही, कारण त्याला गाण्यात स्वतःचे जुने दिवस ऐकू येतात. तुमच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान, हे संगीत मनापासून आवडणारा, आणि 'हे गाणं अल्बममध्ये नको' असं तोंडावर सांगू शकणारा कुणी शोधा. त्याला पैसे द्या, फुकटात मागू नका. पैसे दिले की तो वेळेवर करतो आणि तुम्हीही त्याचं ऐकता. त्याला दोनदा बोलवा: एकदा सगळी गाणी फोनवर घेऊन झाल्यावर निवड करायला आणि एकदा शेवटी मिक्सला. मधल्या काळात त्याला काही ऐकवू नका, त्याचे कान ताजे राहू द्या. फाइल देताना प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून निघालेला असावा, म्हणजे सगळे आपोआप जुळतात, आणि नावात वाद्य आणि वेग लिहिलेला असावा.

सामानाचं आता पटकन. ड्रम बाहेर होणार असल्याने माईक आणि गिटार लॅपटॉपला जोडणारा दोन इनपुटचा इंटरफेस पुरतो. शूअरचा एसएम ५७ गिटार ॲम्पला आणि एसएम ५८ गळ्याला, एवढ्यावर अख्खा अल्बम होतो. महागड्या कंडेन्सर माईकचा मोह आवरा. तो तुमच्या खोलीतला फ्रिज, खालची रिक्षा आणि शेजारच्या कुकरची शिट्टी सगळं इमानेइतबारे पकडतो. डायनॅमिक माईक जवळून गायलं की खोली मागे राहते. गाताना मागे रजई टांगा, कपड्यांचं कपाट उघडं ठेवा, पंखा बंद करा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा आणि सगळ्यात मोठा आवाज वजा १० डेसिबलच्या आसपास राहू द्या, काटा लाल करायची गरज नाही. वाजवताना आवाज उशिरा ऐकू येत असेल तर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधला बफर १२८ वर आणा किंवा इंटरफेसमधलं थेट मॉनिटरिंग वापरा. हेडफोन मागून बंद असलेलेच घ्या, नाहीतर क्लिक गळ्याच्या ट्रॅकमध्ये शिरते.

वहीतल्या जुन्या गाण्यांबद्दल दोन गोष्टी. बँडच्या काळातलं गाणं घेणार असाल तर त्यातली चाल किंवा शब्द आणखी कुणाचे आहेत का ते आठवा, आणि त्या मित्राची लेखी संमती आणि वाटा आधीच ठरवून टाका. गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्वही घेऊन ठेवा. आणि दुसरं, सगळी गाणी जुनीच घेऊ नका. निम्मी तरी गेल्या दोन-तीन वर्षांतली असू द्या. ५८ व्या वर्षी काय वाटतं ते तीन मिनिटांच्या झळाळत्या गाण्यात सांगणारे फार थोडे आहेत, आणि 'रेनबो एन्ड्स' मी पुन्हा पुन्हा ऐकतो तो त्यासाठीच.

दहा गाणी, पस्तीस मिनिटं, एवढंच उद्दिष्ट ठेवा. ड्रमच्या दिवसासाठी जॅमरूमची तारीख आजच घ्या, दोन-अडीच महिने पुढची, आणि आगाऊ पैसे भरा. तोवर काही विकत घेऊ नका. फोनवर गिटार आणि आवाज एवढ्यावर वहीतली सगळी गाणी तिन्ही पट्ट्यांत घ्या, त्या दुसऱ्या माणसाला ऐकवा आणि त्याला दहा निवडू द्या. त्याने बाजूला काढलेल्यांपैकी एखादं गाणं अजिबात सोडवत नसेल तर त्याच्याशी वाद घाला, मग दहाची अकरा झाली तरी हरकत नाही. इंटरफेस आणि माईक त्यानंतर घ्या.